तेरा हजार भेगांची भट्टी : चालवावी की विझवावी?

धातुपुराण

परवा आमच्या सोसायटीच्या गटावर जैतापूरवरून जुंपली आणि एकाने बॉम्ब टाकला, "बेल्जियमच्या अणुभट्टीला तेरा हजार भेगा होत्या, तरी दहा वर्षं चालवली. आता हे लोक कोकणात येणार." आकडा खरा आहे. दहा वर्षंही जवळपास खरी, मधली बंद काळातली वजा केली तर कमी भरतील. निष्कर्ष मात्र मला पटत नाही, आणि तो का पटत नाही हे गटावर तीन ओळींत बसणारं नाही, म्हणून इथे. शिव्या चालतील, फक्त मुद्द्यावर द्या.

गोष्ट अँटवर्पजवळच्या डूल ३ ची. २०१२ च्या उन्हाळ्यात भट्टी बंद करून तिच्या प्रेशर व्हेसलची, म्हणजे गाभा पोटात घेणाऱ्या जाड पोलादी भांड्याची, अल्ट्रासॉनिक तपासणी चालली होती. शोधत होते आतल्या स्टेनलेसच्या अस्तराखालच्या बारीक भेगा. त्या राहिल्या बाजूला, भिंतीच्या पोटातच हजारो खुणा दिसल्या. मग ल्येजजवळच्या तियांज २ ची तपासणी झाली, कारण तिच्या व्हेसलच्या कड्याही त्याच डच कारखान्यात, रॉटरडॅमच्या गोदीत घडलेल्या. तिथेही तेच. पुढे तपासणीची पद्धत आणखी तिखट केल्यावर डूलचा आकडा १३,०४७ वर गेला आणि तियांजचा ३,१४९ वर. आकडा वाढला तो मोजणी बदलल्यामुळे, भेगा व्याल्या म्हणून नव्हे. ही गोष्ट गटावर कुणी सांगत नाही.

या भेगा कुठून आल्या? वितळलेलं पोलाद ओलाव्यातून हायड्रोजन पितं. थंड होताना तो बाहेर पडू बघतो. पुरेसा वेळ गरम ठेवून त्याला वाट करून दिली नाही, तर तो आतच अडकतो आणि धातूचे पापुद्रे सुटतात. आम्ही त्यांना फ्लेक म्हणायचो. बहुतेक एक-दीड सेंटिमीटरचे, काही बरेच मोठे. म्हणजे भेगा अणुभट्टीने पाडल्या नाहीत, त्या घेऊनच ती जन्मली.

आता मुद्दा. भेग धोक्याची की नाही हे तीन गोष्टी ठरवतात : भेग केवढी आणि कुठल्या दिशेला, तिच्यावर ताण किती, आणि धातू किती चिवट. भेगेची लांबी दुप्पट झाली तर तिच्या टोकावरचा जोर दुप्पट होत नाही, सुमारे १.४ पट होतो. ताण दुप्पट झाला तर मात्र जोरही थेट दुप्पट. आणि दिशा सगळ्यात महत्त्वाची. वीस सेंटिमीटर जाड भिंत, आत १५५ बार दाब. हा दाब भिंतीला परिघावर ओढतो. भिंतीला आरपार जाणारी उभी भेग असेल तर तो तिला उघडू बघतो. डूलच्या भेगा भिंतीला जवळपास समांतर आहेत. वहीच्या पानांमध्ये शंभर फटी असतात, म्हणून वही दोन्ही बाजूंनी ओढली तर फाटते का?

शिवाय, भेग नाही असं गृहीत धरून व्हेसलचं गणित कुणी करतच नाही. अमेरिकेची एएसएमई नियमावली सांगते की दिसत नसली तरी एक भेग आहे असं धरा, जाडीच्या चौथ्या हिश्श्याएवढी खोल आणि जाडीच्या दीडपट लांब. डूलच्या भिंतीत म्हणजे पाच सेंटिमीटर खोल आणि तीस लांब. ती पोटात घेऊनही भिंत टिकली पाहिजे, तेही दाबाचा ताण दुप्पट धरून.

म्हणून माझं मत : भेगांचा आकडा ऐकून भट्टी बंद करा म्हणणं म्हणजे केस मोजून आजार ठरवणं. तेरा हजार असोत नाहीतर तेरा, विचारायचं ते वेगळंच आहे.

---

राजापूरकर

वहीचं उदाहरण छान. माझा प्रश्न वही कुणी तपासून दिली हा आहे.

भेगा जन्मजात आहेत असं तुम्हीच लिहिलंत. म्हणजे सत्तरच्या दशकात त्या कड्या कारखान्याच्या दारातून बाहेर पडल्या तेव्हाही भेगा आतच होत्या. त्या वेळी अल्ट्रासॉनिक तपासणी होती, ती केलीही होती. कागदावर या भेगांचं नावही नाही. डूल ३ सुरू झाली १९८२ मध्ये. तीस वर्षं सगळी गणितं "अखंड पोलाद" या समजुतीवर चालली. तुमचं गणित बरोबरच असेल हो, पण ते कुठल्या व्हेसलचं? कागदावरच्या.

आता आमच्या दारातलं. माडबनच्या पठारावर फ्रेंच बनावटीच्या सहा ईपीआर अणुभट्ट्या येणार, १,६५० मेगावॉटची एकेक. त्या जातीची भट्टी फ्रान्समध्ये फ्लामांव्हिलला २००७ पासून बांधत होते. एप्रिल २०१५ मध्ये फ्रेंच अणुसुरक्षा प्राधिकरणाने जाहीर केलं की तिच्या व्हेसलच्या झाकणात आणि तळात कार्बन जास्त आहे. असायला हवा होता जास्तीत जास्त ०.२२ टक्के, निघाला ०.३० च्या आसपास. कार्बन वाढला की पोलाद कडक होतं आणि चिवटपणा जातो, हे तुम्हाला मी काय सांगायचं. चार्पी चाचणीत (खाच पाडलेला तुकडा हातोड्याने तोडून तो किती ऊर्जा पचवतो ते मोजतात) शून्य अंशाला ६० ज्यूल हवे होते. सरासरी ५२ आली, सगळ्यात वाईट नमुना ३६ वर तुटला.

आणि हे कळलं कधी? व्हेसल भट्टीत बसवून झाल्यावर वर्षभराने. तेव्हा ते उचलून परत पाठवणार कोण? २०१७ मध्ये प्राधिकरणाने सांगितलं की व्हेसल चालेल, झाकण मात्र २०२४ अखेर बदला. पुढे ती मुदतही सरकली. डिसेंबर २०२४ मध्ये भट्टी ग्रीडला जोडली गेली, जुन्याच झाकणानिशी. आधी बसवा, मग मोजा, मग मोजलेल्यात बसेल असं समर्थन लिहा. आमच्याकडे याला "लग्न लागलं, आता पत्रिका बघा" म्हणतात.

ते झाकण आणि तळ घडवणाऱ्या क्रझो फोर्ज या कारखान्याच्या जुन्या फायली २०१६ मध्ये उघडल्या तर शेकडो फायलींत गडबडी निघाल्या. काहींत मोजमापं बदललेली.

---

यूटीवाला_भोसरी

दोघांच्या मध्ये पडतो. बावीस वर्षं अल्ट्रासॉनिकचा प्रोब हातात धरलाय, त्यातली सतरा जाड भिंतींवर.

लोकांना वाटतं अल्ट्रासॉनिक म्हणजे एक्स-रेसारखा फोटो येतो. नाही. माठ घेताना आपण बोटाने टकटक करतो ना, तसं आहे. आवाज आत जातो, काहीतरी लागलं की परत येतो. काय लागलं हे माठ सांगत नाही, ऐकणारा सांगतो. भिंतीला समांतर भेग असेल तर सरळ प्रोबला ती आरशासारखी सापडते, आंधळ्यालाही दिसेल. म्हणून राजापूरकरांचा मुद्दा मला जास्त टोचतो. आरपार उभी भेग सुटली असती तर मी म्हणालो असतो, ठीक आहे, तेव्हा तिरके प्रोब आजच्याइतके चांगले नव्हते. पण समांतर पापुद्रे? हजारोंनी? ते दिसले नाहीत हे मानायला मी तयार नाही. दिसले आणि "पातळीखाली आहेत, नोंदवायची गरज नाही" असं कुणीतरी ठरवलं असेल, हे मात्र सहज मानेन. नोंदीची पातळी कुठे लावायची हे स्क्रीनवर ठरत नाही, ऑफिसात ठरतं.

स्वतःचं सांगतो. एका कारखान्यात, नाव नको, रात्री साडेअकराला ट्रेलर उभा होता आणि वेल्डच्या शेवटच्या सांध्याचं स्कॅनिंग बाकी होतं. ड्रायव्हर दर दहा मिनिटांनी येऊन विचारायचा, साहेब झालं का. खुणा होत्या, स्वीकारायच्या हद्दीत होत्या. मी सगळ्या नोंदवल्या म्हणून सुपरवायझर आठवडाभर बोलला नाही. अणुभट्टीचं काम नव्हतं ते, साधी रिफायनरीची टाकी. पण मला तेव्हापासून रिपोर्टमध्ये "नो इंडिकेशन" असं स्वच्छ कोरडं वाक्य दिसलं की शंका येते. एवढ्या मोठ्या फोर्जिंगमध्ये, घडवलेल्या पोलादात, काहीच नाही? असं होत नसतं राव.

धातुपुराण साहेब, एक भर तुमच्या बाजूने. जागा ठाऊक असलेली भेग दर तपासणीला परत मोजता येते. डूलला तसंच केलं, वाढ दिसली नाही. मला भीती ठाऊक नसलेल्या भेगेची वाटते.

---

आखनची_अनु

मी २०१६ ते २०१९ जर्मनीतल्या आखनला शिकायला होते. तियांज तिथून साठ-सत्तर किलोमीटर, वाऱ्याची दिशा बहुतेक वेळा आमच्याकडे. २०१७ च्या सप्टेंबरात शहराने आयोडीनच्या गोळ्या (अणुअपघात झाला तर थायरॉइड वाचवायला घ्यायच्या) वाटायला सुरुवात केली. वेबसाइटवर नाव घालायचं, चिठ्ठी मिळायची, ती औषधांच्या दुकानात दाखवायची. ४५ वर्षांच्या आतल्यांना आणि गरोदर बायकांना. दुकानातल्या आजीबाईंनी मला पाकीट देताना मध आणि खोकल्याच्या गोळ्याही विकल्या, इतकं ते साधं होतं.

त्याआधी जूनमध्ये तियांज ते आखन अशी नव्वद किलोमीटरची माणसांची साखळी झाली होती. माझी लॅबमेट गेली होती. मी नाही गेले, परीक्षा होती. आमच्याच विद्यापीठातल्या मटेरियलवाल्यांना विचारलं तर ते जवळपास धातुपुराण काकांसारखंच बोलायचे : समांतर आहेत, दाब उघडत नाही वगैरे. मी ऐकून घ्यायचे आणि खोलीवर आल्यावर ड्रॉवरमधलं पाकीट जागेवर आहे ना ते बघायचे.

काका, तुमचं गणित मला कळतं. पण गोळ्या वाटणारं शहर जर्मनीत आणि भट्टी चालवणारा देश शेजारचा. माझ्या बाजूच्या कुणालाही ती बंद करायला मत द्यायचा हक्क नव्हता. हे कुठल्या सूत्रात बसवायचं?

---

धातुपुराण

अनु, तुझ्या शेवटच्या प्रश्नाला धातुशास्त्रात उत्तर नाही, मान्य.

राजापूरकर, फ्लामांव्हिलवर नंतर येतो. त्याआधी "विचारायचं ते वेगळंच" असं वर लिहून मी ते सांगितलंच नाही, ते पुरं करतो. विचारायचं ते हे : भिंत किती थंड झाल्यावर ठिसूळ होते, आणि तेवढं थंड पाणी तिच्यावर कधी पडू शकतं?

कंदिलाच्या तापलेल्या काचेवर पावसाचा थेंब पडला की काय होतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. पोलाद काच नाही, पण एका तापमानाखाली ते काचेसारखं वागायला लागतं. नव्या व्हेसलचं हे तापमान शून्याच्या आसपास किंवा खालीच असतं. मग रोज न्यूट्रॉन भिंतीवर आदळतात, अणू जागचे हलतात आणि ते तापमान वर्षागणिक वर सरकतं. पोलादात तांबं असेल तर फार वेगाने. जुन्या अमेरिकन व्हेसलच्या वेल्डमध्ये तांबं कुठून आलं माहीत आहे? वेल्डिंगच्या तारेला गंज चढू नये म्हणून तिच्यावर तांब्याचा मुलामा द्यायचे. एवढ्याशा मुलाम्याने पुढच्या चाळीस वर्षांची डोकेदुखी झाली.

आता थंड पाणी. २० मार्च १९७८, कॅलिफोर्नियातलं रँचो सेको. कंट्रोल रूममध्ये एकजण पॅनेलच्या बटणामधला दिवा बदलत होता, तो हातातून निसटून आत पडला. शॉर्टसर्किट. निम्मीअधिक मापकं खोटं दाखवायला लागली, यंत्रणेने थंड पाणी सोडलं, आणि तासाभरात आतलं पाणी तीनशे अंशांवरून एकशेचाळीसच्या आसपास आलं. दाब मात्र चढाच. भिंत आतून आकसतेय, बाहेरून गरम आहे आणि दाब ओढतोय : भेगेला यापेक्षा चांगला मुहूर्त नाही. भट्टी तीनच वर्षांची होती, पोलाद अजून चिवट होतं, काही झालं नाही. पंचवीस वर्षांची असती तर?

तिथून अमेरिकेचा नियम आला. वेल्ड उभा असेल तर हिशेबाने काढलेलं ठिसूळपणाचं तापमान १३२ अंशांच्या वर जाता कामा नये. गेलं तर वेगळं सिद्ध करा, नाहीतर थांबा. मॅसॅच्युसेट्सच्या यांकी रो भट्टीच्या वेल्डमध्ये तांबं किती हेच नक्की सांगता येईना, म्हणून १९९१ मध्ये ती बंद केली ती कायमची. एकही भेग न सापडता! उलट डूल, भेगा मोजून झाल्यावरही चालली. माझ्या मते दोन्ही निर्णय बरोबर होते.

---

शंकासुर

यांकी रो थांबली हे चांगलं. पण मग गेंकाईचंही सांगा ना.

जपानचं गेंकाई १, सागा प्रांत. भिंतीच्याच पोलादाचे तुकडे डब्यात घालून भट्टीत टांगून ठेवतात आणि मधूनमधून काढून तोडून बघतात. १९९३ च्या डब्याने ठिसूळपणाचं तापमान सांगितलं ५६ अंश. पुढचा डबा काढला २००९ मध्ये, त्याने सांगितलं ९८. सोळा वर्षांनी! वक्ररेषा काढणाऱ्यांना इतकी उडी अपेक्षित नव्हती. तेव्हा हे तापमान "काढलं" असं तुम्ही म्हणता, त्यात अर्धा भाग मोजमाप आणि अर्धा भाग भविष्य असतो.

आणि मुळात तुम्ही सगळे बघताय भिंतीच्या मधल्या पट्ट्याकडे. घात होतो दुसरीकडूनच. ओहायोमधलं डेव्हिस-बेस, मार्च २००२. झाकणातून आत जाणाऱ्या नळीला भेग. तिथून बोरिक आम्ल असलेलं पाणी थेंबथेंब वर्षानुवर्षं झाकणावर. साडेसहा इंच जाड पोलाद आरपार खाल्लं गेलं, राहिलं काय तर आतलं स्टेनलेसचं अस्तर, एक सेंटिमीटरसुद्धा नाही. दीडशे बार दाब त्या पत्र्याने धरून ठेवला होता, तो बाहेर फुगलेला होता. चिवटपणाचं कुठलं गणित यात चुकलं? एकही नाही. कारण तिथे पोलादच नव्हतं.

इशारे होते. झाकणावर लालसर गंजाचे ओघळ २००० सालीच फोटोत आले होते. हवेचे फिल्टर गंजाने चोंदत होते, दोन-दोन दिवसांनी बदलत होते. नियामकाला तपासणी २००१ च्या डिसेंबरअखेर हवी होती. कंपनीने गयावया करून फेब्रुवारी मिळवला. भेगेचा वेग मोजता येतो हो. मॅनेजरच्या सबबीचा वेग मोजायचं सूत्र काढा, मग बोलू.

---

पमाकाकू

मी यातली नाही, पण पोळ्या लाटता लाटता सगळं वाचलं. कडक झालेलं लोखंड लोहार परत तापवून मऊ करतो ना? तसं या भिंतीला करता येत नाही का?

---

यूटीवाला_भोसरी

काकू, नेमकं विचारलंत. करता येतं आणि केलंही आहे. रशियनांनी नोव्होव्होरोनेझच्या भट्टीत १९८७ पासून, फिनलंडने लोविसात १९९६ मध्ये. आतलं सगळं काढायचं, पाणी काढायचं, मोठी विजेची शेगडी आत सोडायची आणि ठिसूळ झालेला पट्टा साडेचारशे-पावणेपाचशे अंशांना चार-सहा दिवस भाजत ठेवायचा. न्यूट्रॉनने केलेलं बरंचसं नुकसान भरून येतं.

फक्त भेग भरून येत नाही. आणि फ्लामांव्हिलच्या झाकणातला जास्तीचा कार्बनही जात नाही. तो घडतानाच चुकीच्या जागी बसलेला.

---

बोईसरकर

जैतापूर अजून नकाशावर आहे. आमच्याकडे तारापूर १९६९ पासून खरंखुरं उभं आहे, त्याच्याबद्दल कुणी बोलेना म्हणून लिहितो.

पहिली दोन युनिटं अमेरिकन बनावटीची, उकळत्या पाण्याची. व्हेसलमध्ये दाब डूलच्या निम्म्याहूनही कमी, सत्तर बारच्या आसपास. गाभा आणि भिंत यांच्यात पाण्याचा रुंद पट्टा, त्यामुळे भिंतीपर्यंत न्यूट्रॉन कमी पोचतात. आणि पाणी-वाफ एकत्र असल्याने तापमान उतरलं की दाबही उतरतो. धातुपुराणांचा "मुहूर्त" इथे सहसा जुळत नाही. या पिढीच्या भट्ट्यांची खरी व्यथा स्टेनलेसच्या पाइपांची : वेल्डच्या शेजारी ताण, गरम पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, आणि दाण्यादाण्यांच्या कडेने सरकणारी भेग. २०२० मध्ये दोन्ही युनिटं थांबवून जे मोठं काम काढलं, त्यात हे पाइप बदलणंही होतं. पाइप बदलता येतात, हे त्यातलं सुख.

तीन आणि चार नंबरला तर व्हेसलच नाही. प्रत्येकी ३९२ दाबनलिका, झिर्कोनियमच्या. एक फुटली तर एक फुटली, असा हिशेब. आधी गळेल, कळेल, मग थांबवू असं धरतात. कॅनडात पिकरिंगला १९८३ मध्ये एक नळी मात्र न गळता थेट दोन मीटर चिरली होती. हायड्रोजनच, पण वेगळ्या रूपात. भट्टी नीट बंद झाली, कुणाला इजा नाही. ११ मार्च २०१६ ला काक्रापारलाही नळी गळली. सांगायचं एवढंच की "भारतात अणुभट्ट्या" असं एकच गाठोडं बांधून व्हेसलची चर्चा करू नका. तारापूर, कुडनकुलम आणि जैतापूर या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

---

राजापूरकर

बोईसरकर, पटलं. म्हणूनच जैतापूरची वेगळी भीती. तिथे तुमच्यासारख्या ३९२ नळ्या नाहीत. एकच भांडं, आणि ते फुटलं तर पुढे काय याची यंत्रणाच नाही. ते फुटणार नाही असं गृहीत धरून बाकी सगळं बांधलेलं. बरोबर ना धातुपुराण? मग मला सरळ उत्तर हवंय. फ्लामांव्हिलचं झाकण तुमच्या कारखान्यात आलं असतं तर तुम्ही पास केलं असतं का? हो किंवा नाही.

---

धातुपुराण

नाही.

झाकण मी परत पाठवलं असतं. ३६ ज्यूल म्हणजे भट्टी फुटेल असं नाही. फ्रेंचांनी नंतर जे गणित केलं, त्याच झाकणाच्या जातीचे दुसऱ्या प्रकल्पांसाठी घडवलेले तुकडे कापून ज्या शेकडो चाचण्या केल्या, त्यांवर माझा विश्वास आहे. गाभ्यापासून लांब आहे, न्यूट्रॉनचा मार नाही, मोठी भेग तिथे सापडलेली नाही. चालेल. पण "चालेल" हा शब्द जुन्या भट्टीसाठी राखून ठेवायचा असतो. डूलला तो मी वापरतो, कारण भट्टी तीस वर्षं चाललेली आहे आणि प्रश्न "आता काय" हा आहे. नव्या मालाला हीच सवलत दिली तर पुढच्या कारखान्याला आपण काय शिकवलं?

बाकी तळ मी काय केला असता ते मला ठरवता येत नाही. झाकण बोल्टचं, उतरवता येतं. तळ वेल्ड झालेला, त्याचं परत पाठवणं म्हणजे सगळं व्हेसल परत पाठवणं. इथे मी कदाचित त्यांच्यासारखंच वागलो असतो, आणि हे लिहिताना बरं वाटत नाहीये.

पण एक खोड सगळ्यांच्या नजरेतून सुटतेय. कार्बन जास्त होता तो झाकणाच्या मध्यावर. मोठा इंगट, म्हणजे ओतलेला पोलादाचा ठोकळा, थंड होताना कार्बन वर आणि मध्याकडे गोळा होतो, हे शंभर वर्षांचं जुनं ज्ञान आहे. आणि स्वीकृतीचे नमुने कापले होते कडेच्या कड्यावरून. कडेला सगळं व्यवस्थित होतं! कागद खोटा नव्हता राजापूरकर, कागद नको त्या जागेचा होता. हे मला खोट्या फायलीपेक्षा जास्त भयंकर वाटतं.

---

शंकासुर

म्हणजे साखर तळाशी बसलीये आणि चहा वरून चाखून "फिका आहे" म्हणून सही केली.

---

आखनची_अनु

डूल ३ सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झाली, तियांज २ जानेवारी २०२३ च्या शेवटच्या दिवशी. भेगांमुळे नाही, बेल्जियमच्या जुन्या अणुऊर्जाबंदीच्या कायद्यातली मुदत संपली म्हणून. मी तेव्हा म्युनिकला होते. घर बदलताना ते पाकीट सापडलं होतं, सील न फोडलेलं. टाकलं नाही.

---

राजापूरकर

धातुपुराण, "नाही" म्हणालात त्याबद्दल आभार. आता पुढचं. आमच्या गावात दरवेळी सभा होते तेव्हा मागणी एकच असते, प्रकल्प नको. माझीही तीच आहे, ती बदलत नाही. पण समजा तो आलाच, तर एक जादा मागणी लिहून ठेवायची म्हणतोय : प्रत्येक मोठ्या फोर्जिंगचा नमुना मध्यावरूनही कापा, कुठून कापला त्याचा नकाशा जाहीर करा, आणि त्याच नमुन्याचा जोडतुकडा भारतात, विकणाऱ्याच्या नव्हे तर आपल्या नियामकाच्या ताब्यात ठेवा. उद्या शंका आली तर आपल्या प्रयोगशाळेत आपण तोडून बघू. मूर्खपणा वाटतो का?

---

धातुपुराण

अजिबात नाही. चार्पीचा नमुना केवढा, एक सेंटिमीटर जाड-रुंद आणि साडेपाच लांब. शंभर नमुने बुटांच्या खोक्यात मावतात. मी पहिली सही करतो. प्रकल्प नको या ओळीच्या खाली नाही, फक्त या ओळीच्या खाली.

---

यूटीवाला_भोसरी

लिहिताना एक कलम घाला, नाहीतर खोकं येईल आणि आतले तुकडे कुठले ते कळणार नाही. मूळ फोर्जिंगवरचा हीट नंबर (पोलाद कुठल्या ओतीचं ते सांगणारा) आणि जागेची खूण तुकड्यावर पंचाने उमटवायची, आपला इन्स्पेक्टर समोर उभा असताना. कापायच्या आधी, बरं का. कापून झाल्यावर सगळे तुकडे सारखेच दिसतात.